एकट्याची नाव

वैनगंगेच्या पात्रात सकाळच्या वेळी एखादा धीवर डोंग्यातून जाळे सोडताना दिसतो. डोंगा अरुंद, त्याचे काठ पाण्यापासून वीतभरच वर. तरी त्या माणसाचा तोल ढळत नाही. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. एका बाजूस जाळे ओढताना अंगाचा भार आपोआप दुसऱ्या बाजूस जातो. नावेत दुसरे कोणी नसले म्हणजे तोल, दिशा आणि सावधगिरी ही तिन्ही कामे एकाच्याच शिरावर येतात.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांत आणि बोड्यांत बांबू तळाला टेकवून डोंगा पुढे रेटता येतो. परंतु पवनी तालुक्यात गोसे येथे वैनगंगेवर धरण झाले. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली आणि आज त्याचे पाणी दूरवर पसरलेले आहे. अशा विस्तीर्ण पाण्यात बांबू तळ गाठीत नाही. वाऱ्याला मोकळे रान मिळते आणि लाटा उठू लागतात. डोंग्याला सहसा शीड नसते, म्हणून हा वारा त्याचा शत्रूच. शिडाच्या नावेला मात्र तोच वारा ओढून नेतो. फक्त त्याच्याशी कसे वागावे, हे ठाऊक हवे.

मुलांनी एकट्याने हाकावी अशी एक नाव अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स याने १९४७ साली आखली. तिचे नाव ऑप्टिमिस्ट, म्हणजे आशावादी. आकार एखाद्या पेटीसारखा, नाळ बोथट, लांबी सुमारे २.३ मीटर आणि वजन ३५ किलो. तिच्या शर्यतींत पंधरा वर्षांपर्यंतची मुलेमुली भाग घेतात आणि प्रत्येक नावेत एकच मूल असते. या नावेला समुद्रच लागतो असे नाही. हैदराबादच्या हुसेनसागर तलावातही मुले ती चालवितात.

नाव सज्ज करण्याचे काम काठावर होते आणि निम्मी सुरक्षितता तेथेच ठरते. प्रथम नावेची नाळ वाऱ्याच्या तोंडाकडे वळवावी. मग शीड उभारले तरी ते निशाणासारखे नुसते फडफडते, नावेला ओढीत नाही. डोलकाठी तिच्या खोबणीत बसवून दोरीने नावेस बांधावी. ती बांधायचे पुष्कळजण विसरतात. नाव उलटली की काठी सुटून बाहेर येते आणि मग नाव सरळ करणे फार कठीण जाते. शिडाची एक कड डोलकाठीस आणि खालची कड आडव्या काठीस लहान लहान दोऱ्यांनी बांधतात. शिडाचा वरचा कोपरा एका तिरप्या काठीने ताणून धरावयाचा असतो. ही काठी सैल राहिली, तर डोलकाठीच्या वरच्या टोकापासून शिडाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत सुरकुती पडते. ती नाहीशी होईपर्यंत काठी वर रेटावी.

शीड आवळण्याच्या दोराच्या टोकास आठाच्या आकाराची गाठ मारतात, म्हणजे तो कप्पीतून निसटत नाही. हा आठ इंग्रजी बरे का. आपल्या ८ ची गाठ बसावयाची नाही! पाणी उपसण्याचे भांडेही दोरीने बांधावे. नाव पाण्याने भरली असता ते तरंगत दूर गेले, तर ओंजळीने पाणी किती उपसणार? नावेतील हवेच्या तीन पिशव्या घट्ट फुगलेल्या असाव्यात, कारण नाव भरली तरी त्याच तिला तरंगत ठेवतात. तरंगजाकीट अंगात घालून त्याचे पट्टे आवळावेत; पोहता येणाऱ्यानेही. शेवटी, कोठे जाणार आणि केव्हा परतणार हे काठावरील एखाद्या जाणत्या माणसास सांगावे. त्या माणसाने वेळेवर लक्ष ठेवावे. धरणाची दारे उघडली असताना किंवा वैशाखात वळवाचे ढग दाटून आले असताना नाव पाण्यात घालूच नये.

पाणी पुरेसे खोल झाले की नावेच्या मधल्या फटीतून फळी खाली सोडावयाची. वारा नावेला बाजूस ढकलतो. ही फळी पाण्यात आडवी येऊन तो रेटा अडविते आणि नाव पुढे सरकते. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्यात शिडाचा दोर आणि बसणे वारा येतो त्या बाजूस. सुकाणूची रीत प्रथम उलटी वाटते, कारण दांडा उजवीकडे नेला की नाव डावीकडे वळते. वाऱ्याच्या अगदी तोंडावर कोणतीही शिडाची नाव जाऊ शकत नाही. तिकडे जावयाचे असेल, तर घाटातल्या रस्त्याप्रमाणे नागमोडी वळणे घेत जावे लागते. प्रत्येक वळणावर आडवी काठी डोक्यावरून फिरते, तेव्हा मान खाली घालून दुसऱ्या बाजूस बसावे. वारा पाठीशी असताना ती काठी अधिक जोराने फिरते, हे ध्यानात असावे.

शिडाचा दोर कधीही नावेस बांधून ठेवू नये. हात दुखू लागला की तसा मोह होतो. पण वाऱ्याचा झोत अचानक येतो आणि बांधलेले शीड क्षणात नावेला आडवी करते. दोर हातात असेल तर मूठ सैल करताच शिडातील वारा निघून जातो. दोर आणि सुकाणू दोन्ही सोडली, तर ही लहान नाव बहुधा स्वतःच वाऱ्याकडे तोंड करून थांबते.

तरीही नाव उलटते. चांगल्या नाविकांचीही उलटते. अशा वेळी दोर मोकळा आहे हे पाहून, नावेला हात लावीतच तिच्या तळाकडे जावे. बाहेर आलेली मधली फळी दोन्ही हातांनी धरून तीवर भार द्यावा. शीड हळूहळू पाण्यातून वर उठते आणि नाव सरळ होते. मग आत चढून पाणी उपसावे. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नासही यश आले नाही, तर नावेस धरून राहावे. काठ जवळ दिसला म्हणून पोहत निघू नये. पाण्यावरून अंतर नेहमी कमीच भासते. शिवाय पालथी नाव दुरूनही दिसते, पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही. डोंग्यालाही हाच नियम लागू आहे.

भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटेच निघाले. छप्पन्न फूट लांबीची ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ते मे २०१० मध्ये मुंबईस परतले. एकट्याने असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांच्या नौकेपुढे ऑप्टिमिस्ट म्हणजे खेळणेच. पण वाऱ्याचे नियम दोहोंस तेच. भर समुद्रात एकटा असलेला नाविक तर आपला पट्टा दोराने नौकेस जोडून ठेवतो, कारण तो पाण्यात पडल्यास नौका वळवून आणणारा दुसरा कोणी नसतो.

परतताना काठ जवळ येताच मधली फळी वर ओढावी, नाहीतर ती तळाला घासते. नाळ वाऱ्याकडे करून शिडाला फडफडू द्यावे आणि गुडघाभर पाण्यात उतरून नाव हाताने धरावी. शीड उतरवून, कोरडे करून, सैलसर गुंडाळून ठेवावे. आणि सर्वांआधी, वाट पाहत असलेल्या माणसास आपण परतल्याचे सांगावे.