पाणी तापवू विजेवर

पूर्वी आपण अंघोळीचे पाणी चुलीवर नाहीतर रॉकेलच्या स्टोव्हवर तापवत होतो. पंप मारा, पिन घाला, धूर सोसा! आता बावधनात घरोघरी वीज आहे. वीज आपल्याला परकी नाही. आपल्या मुळशी धरणाचे पाणी खाली भिऱ्याला पडते. तिथे १९२७ सालापासून वीज तयार होते.

हिशेब सोपा आहे. हजार वॅटची वस्तू एक तास चालली, की एक युनिट वीज लागते. दीड हजार वॅटचा रॉड बादलीभर पाणी वीस मिनिटांत तापवतो. म्हणजे अर्धे युनिट झाले.

पण स्टोव्हचा भडका दिसतो, वीज दिसत नाही. तिला धूर नाही, वास नाही. म्हणून जास्त जपायचे.

रॉड आधी पाण्यात सोडा, मग बटण दाबा. पाणी तापले का, हे बोट घालून पाहू नका. आधी बटण बंद करा, पिन काढा, मगच पाण्याला हात लावा. बादली लोखंडाची नको. पिनेचा जाड पाय अर्थिंगचा असतो. तो जीव वाचवतो; तो मोडू नका.

हा धडा घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना आजच वाचून दाखवा.