शपथ एकट्याची, वाट सोबतीची



दारू सोडण्याचे प्रयत्न आपल्या धर्मग्रामात होत नाहीत असे नाही. राखेच्या बुधवारी शपथ घेतली जाते, वेलंकणी मातेला नवस बोलला जातो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिले जाते. ही वचने खोटी नसतात. तरी एखादे लग्न येते, सण येतो, आणि घर पुन्हा होते तिथेच येते. मग घरचे म्हणतात, ‘याला इच्छाच नाही.’ हळूहळू तोही तसेच मानू लागतो. इच्छा असूनही पाय का घसरतो आणि अशा वेळी दारूमुक्ती गटात जाण्याचा निर्णय का घ्यावा, याचा आज आपण विचार करू.

शुभवर्तमानातून बोध (योहान ११)

प्रभू येशूने हाक मारली आणि लाजरस जिवंत होऊन कबरेबाहेर आला. पण त्याचे हातपाय अजून पट्ट्यांनी बांधलेलेच होते. त्या पट्ट्या प्रभूने स्वतः सोडल्या नाहीत. जवळ उभ्या असलेल्या लोकांना त्याने त्या सोडायला सांगितल्या. जीवन देणे हे देवाचे काम. बंधने सोडवण्याचे काम मात्र त्याने माणसांच्या हाती दिले. व्यसनातून उठू पाहणाऱ्यालाही असे हात लागतात.

हा आजार आहे

वैद्यकशास्त्र दारूच्या व्यसनाला आजार मानते. रोज पिणाऱ्याचे शरीर आणि मेंदू दारूला इतके सरावतात की ती थांबली की हात थरथरतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. काहींना फिट येते, भ्रम होतो, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकाएकी तोडू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. शरीरातली दारू थोड्या दिवसांत उतरते. तिच्याविना जगायला शिकणे हे पुढचे लांबचे काम आहे, आणि तिथे गट लागतो.

ही वाट कशी सुरू झाली?

मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन धंद्यातले अपयश घेऊन एका हॉटेलात उभे होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते, आणि बार तर समोरच होता. बारकडे न वळता त्यांनी एका धर्मोपदेशकाला फोन केला आणि बोलण्यासाठी दारूत अडकलेला दुसरा कुणी माणूस गाठून द्यायला सांगितले. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्यांची भेट झाली. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, हा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा, म्हणजे ए. ए.चा स्थापना दिवस मानला जातो.

१९३९ पासून त्याच शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी डॉ. बॉब यांच्यासोबत अशा रुग्णांची सेवा केली. घरी जाणाऱ्या रुग्णाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बॅज देत आणि सांगत, पुन्हा प्यायचे ठरले तर त्याआधी हा बॅज मला परत आणून द्या. शपथ तीच, पण तिला आता सोबतीला एक माणूस मिळाला होता.

आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले.

पाऊल का अडते?

‘आधी सोडतो, मग जातो,’ असे कुणी म्हणतो. हे ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाण्यासारखे आहे. ए. ए.मध्ये यायला एकच अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा.

‘गावात कळले तर?’ गावाला आपली दारू बहुधा आधीच ठाऊक असते. कळायचे राहिलेले असते ते आपले उठणे. शिवाय गटात नुसते पहिले नाव पुरते आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते. घरातल्या घरात लपून पिणाऱ्या भगिनींनाही हे कळायला हवे.

‘मी पापनिवेदन करतो, ते पुरे नाही का?’ पापनिवेदनात पापांची क्षमा मिळते, गटात आजारातून सावरण्याची सोबत मिळते. एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचे कारण नाही. एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा, असे संत याकोबही सांगतो (५:१६).

पहिल्या सभेला जाताना

फी नसते. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असेही नाही. मागे बसून ऐकले तरी चालते. जन्मभराची शपथ तिथे कुणी मागत नाही. आजचा एक दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवायचे. मध्येच पाय घसरला तरी पुढच्या सभेला जायचे. एकट्याने जाणे जड वाटत असेल तर विश्वासातल्या माणसाला दारापर्यंत सोबत न्यावे.

तो तयार नसेल तरी घरच्यांनी थांबून राहू नये. बिल यांच्या पत्नी लोईस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ची स्थापना केली. तिथे घरचे स्वतःसाठी जातात.

आणि आपण बाकीचे? आपणही लाजरसाजवळ उभे असलेले लोक आहोत. लग्नात ‘नको’ म्हणणाऱ्याच्या हातात आग्रहाने पेला देणे म्हणजे सुटलेली पट्टी पुन्हा बांधणे होय.

चिंतनासाठी

१. मी कितीदा एकट्याने दारू सोडली? पुन्हा केव्हा आणि कशामुळे धरली?
२. या आठवड्यात मी हे कुणाजवळ खरेखरे बोलू शकेन?
३. माझ्या घरच्या कार्यात न पिणाऱ्याला मोकळेपणाने बसता येते का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, कबरेच्या दाराशी तू आम्हांला नावाने हाक मारतोस. बाहेर येण्याचे धैर्य आम्हांला दे आणि एकमेकांची बंधने सोडवणारे हात आम्हां सर्वांना दे. आमेन.