यादीत नसलेलं झाड

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक २४ ते २६



विभूतियोगातले हे तीन श्लोक सलग वाचून बघा. भगवंत आपल्या विभूती सांगताहेत. २४ व्यात जलाशयांमधला सागर येतो, २५ व्यात अचल गोष्टींमधला हिमालय, आणि २६ व्यात वृक्षांमधला अश्वत्थ, म्हणजे आपला पिंपळ.

समुद्र, डोंगर, झाड. आम्हा खडकीकरांना हे तिन्ही एका जागी बघायचं तर काशीद गाठावं. अलिबाग-मुरुड रस्त्यावरचं गाव. समोर अरबी समुद्र, पाठीमागे फणसाड अभयारण्याचे डोंगर आणि किनाऱ्याला सुरूची झाडं. तिथे बसून हा अध्याय वाचताना मला प्रश्न पडला: पिंपळ तर यादीत आहे, मग या सुरूचं काय?

सुरूकडे मिरवण्यासारखं फारसं काही नाही. दिसतो पाइनसारखा, पण तो पाइन नव्हे. मूळचा आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचा. त्याच्या सुया म्हणजे पानंही नव्हेत, त्या बारीक हिरव्या डहाळ्या. खरी पानं सांध्यांवर खवल्यांएवढी. त्याला कुणी पार बांधत नाही, दोरा गुंडाळत नाही. पण जिथे पिकासारखं काही उगवत नाही त्या वाळूत तो उभा राहतो. त्याच्या मुळांच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरतात. वारा अडवायला, वाळू थोपवायला माणसं मुद्दाम त्याला लावतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा सगळ्यात पुढे तोच होता. कितीतरी सुरू उन्मळून पडले.

आपल्यातल्या अनेकांची अवस्था अशीच असते. ऑफिसच्या शॉर्टलिस्टमध्ये नाव नाही. सत्संगात कुणी सुरेल अभंग गातं, कुणाची गीता पाठ असते. आपला हरिपाठ मात्र लोकलमध्ये उभ्याउभ्या. मग मनात येतं, देवाच्या तरी यादीत मी आहे का?

इथे अर्जुनाचा प्रश्न आठवावा. १७ व्या श्लोकात तो विचारतो, तुझं चिंतन मी कोणकोणत्या रूपांत करू? श्रेष्ठ कोण, हे त्याने विचारलेलंच नाही. आणि यादी सुरू होण्याआधीच, २० व्या श्लोकात, भगवंत सांगून टाकतात की सर्व भूतांच्या हृदयातला आत्मा तेच आहेत. शेवटी ४० व्यात म्हणतात, या विभूतींना अंत नाही, हे फक्त थोडक्यात सांगितलं.

मग पिंपळाचं नाव का? कारण तिथे तेज चटकन दिसतं. लहान मुलाला आपण आधी मोठी अक्षरं दाखवतो, तसं. पण मोठी अक्षरं वाचता आली म्हणून बारीक अक्षरांचं पुस्तक बंद करायचं नसतं. सागरात देव दिसणं सोपं आहे. तोच सुरूत दिसावा, शेजारच्या माणसात दिसावा आणि दमल्याभागल्या आपल्यातही दिसावा, यासाठी ही यादी.

गंमत म्हणजे याच २५ व्या श्लोकात यज्ञांमधून भगवंतांनी जपयज्ञ निवडलाय. त्याला ना तूप लागतं, ना मांडव. लोकलमध्येही होतो.

आजचा अभ्यास: जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही अशी एक व्यक्ती किंवा वस्तू निवडा. दोन मिनिटं तिच्याकडे बघत नाम घ्या. रात्री झोपण्यापूर्वी तेच नाम स्वतःकडे बघून घ्या.

राम कृष्ण हरी!