पहिलं पिस्तूल घेण्याआधी

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर नेमबाजीच्या रेंजवर नवे चेहरे दिसू लागले. मनू भाकरनं १० मीटर एअर पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली, एक वैयक्तिक आणि एक सरबज्योत सिंगच्या जोडीनं. स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. स्वप्नील मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण त्याच्या नेमबाजीची सुरुवातीची घडण नाशिकची. त्यामुळे आपल्या शहराला त्या पदकाचं अप्रूप जरा जास्तच. मुलाला किंवा मुलीला घेऊन आलेले आईवडील चौकशी सुरू करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच विचारतात, "सर, पिस्तूल कुठलं घ्यायचं?"

एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे. मी आधी त्यांना माझ्या पहिल्या पिस्तुलाची हकीकत सांगतो, कारण ती ऐकली तर त्यांचे पैसे आणि मुलांची उमेद दोन्ही वाचू शकतात.

मी नेमबाजीकडे उशिरा वळलो. सुरुवातीला रेंजवरच्याच पिस्तुलानं सराव केला. मग एका विक्रेत्यामार्फत परदेशी बनावटीचं, वापरलेलं एअर पिस्तूल घेतलं. आधीचा मालक चांगला नेमबाज होता, पिस्तूल नावाजलेलं होतं, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. कागदावर सौदा उत्तम होता. ग्रिप मोठ्या मापाची होती आणि त्या नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे कोरून घेतलेली होती. विक्रेत्याचं म्हणणं, "हाताची सवय होईल."

हाताची सवय झाली नाही. माझे शॉट डावीकडे जायचे. रिअर साइटचे क्लिक फिरवले की ग्रुप मध्ये यायचा, आणि पुढच्या सरावाला पुन्हा भलतीकडे. मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं ट्रिगर हलका करा, कुणी म्हणालं नळीखाली वजन लावा, कुणी पेलेट बदलायला सांगितले. एकेक करत सगळंच बदललं गेलं. कशामुळे काय होतंय याचा पत्ता लागेना, आणि मनगट मात्र दुखायला लागलं.

उलगडा एका प्रशिक्षकांनी केला. त्यांनी मला डोळे मिटून पिस्तूल उचलायला लावलं, हात स्थिर झाल्यावर डोळे उघडायला सांगितले. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध दिसायला हवी होती. ती खाचेच्या एका कडेला चिकटलेली होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नेम धरताना दर वेळी मी मनगट पिळून साइट जुळवत होतो आणि हे मला कळतही नव्हतं. शिवाय ग्रिप मोठी असल्यानं बोटाचं फक्त टोक ट्रिगरला पोचायचं आणि दाबताना पिस्तूल डावीकडे ढकललं जायचं. एक माप लहान ग्रिप मागवली, बाकीचे सगळे बदल मागे घेतले, आणि शॉट एका जागी यायला लागले.

ग्रिपला एवढं महत्त्व का, ते थोडक्या हिशेबात कळतं. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. साइट अचूक जुळलेल्या असतील आणि सगळा हातच ५ मिलिमीटर सरकला, तर शॉट ५ मिलिमीटरच सरकतो, म्हणजे दहातच राहतो. पण दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरलं, तर फ्रंट साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली की १० मीटरवर शॉट सुमारे ३१ मिलिमीटर चुकतो आणि सातवर जातो. हात थोडाफार हलणारच, तो ऑलिंपिकपटूंचाही हलतो. साइट मात्र एकमेकींशी जुळलेल्या राहायला हव्यात आणि ते काम मनगट सैल न सोडता, न पिळता ग्रिपनं करायचं असतं. दुसऱ्याच्या पायाची चप्पल घालून शर्यत धावता येत नाही, तसंच हे आहे.

परवाना आणि कायदा

पिस्तूल म्हटलं की घरात पहिली धास्ती परवान्याची. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा व्यास .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि मारक ऊर्जा २० जूलपर्यंत असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचं १० मीटर एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचंच असतं आणि त्याची ऊर्जा या मर्यादेच्या बरीच खाली असते. राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल .२२चं असतं. ते दारूगोळ्याचं शस्त्र, त्याला परवाना हवाच. नाशिक शहरात त्यासाठी पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. पण ती पुढची पायरी. सुरुवात एअर पिस्तुलानंच करावी.

परवाना नाही म्हणजे बंधन नाही, असं समजू नका. लांबून पाहणाऱ्याला एअर पिस्तूल आणि खरं पिस्तूल यांत फरक दिसत नाही. ते कायम कुलूपबंद पेटीत न्यावं. रिक्षात, बसमध्ये, सोसायटीच्या जिन्यात उघडून दाखवू नये. खरेदीचं बिल, ओळखपत्र आणि संघटनेचं सदस्यत्व कार्ड पेटीतच ठेवावं. मुलांना पिस्तूल हातात घेऊन फोटो टाकू देऊ नयेत.

घेताना काय पाहायचं

पहिले काही महिने काहीच घेऊ नका. रेंजवरच्या पिस्तुलावर उभं राहणं, श्वास, नजर आणि ट्रिगर शिकून घ्या. मूल या खेळात रमतं का, हे तेवढ्यात कळतं.

मग ग्रिप. लहान, मध्यम, मोठी अशी मापं असतात, पण एका कंपनीची मध्यम दुसरीच्या मध्यमसारखी नसते. म्हणून ओळखीच्या नेमबाजांची दोन-तीन पिस्तुलं त्यांच्या परवानगीनं हातात घ्या आणि डोळे मिटून उचलण्याची चाचणी प्रत्येकावर करा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सरळ यावा आणि ते बोट ग्रिपच्या लाकडाला घासू नये. वाढत्या वयाच्या मुलांसाठी आखूड, हलकं मॉडेल पाहावं. "पुढे हात मोठा होईल" म्हणून मोठ्या मापाची ग्रिप घेऊ नये.

त्यानंतर सिलिंडर. हल्लीची बहुतेक स्पर्धेची पिस्तुलं दाबाखालच्या हवेवर चालतात आणि सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि त्याची मुदत दहा वर्षांची धरतात. माझ्या त्या सौद्यातल्या सिलिंडरची मुदत उलटून गेली होती. नवा सिलिंडर घ्यावा लागला आणि स्वस्ताईतला मोठा वाटा तिथेच गेला. वापरलेलं पिस्तूल घेताना ही तारीख स्वतः वाचा. सिलिंडरमध्ये कोरडी हवाच भरायची, ऑक्सिजन कधीही नाही, आणि जोडाला तेल लावायचं नाही. नाशिकच्या पावसाळ्यात हातपंपानं भरताना आत ओल जाते, तेव्हा ओल शोषणारा फिल्टर असलेलाच पंप घ्या.

आणि दुरुस्ती. २०२१ला टोकिओत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलाचा लीव्हर तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. जगातल्या उत्तम पिस्तुलाचं, उत्तम नेमबाजाच्या हातात असं होऊ शकतं. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा: सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कोण करतं, पिस्तूल पाठवलं तर किती दिवस लागतात? उत्तरं मोघम असतील तर दुसरीकडे बघा.

हाताजोगं करून घेताना

बदल एका वेळी एकच करा. तो वहीत तारखेसह लिहा. निदान दोन आठवडे त्याच मांडणीवर सराव करा आणि मगच पुढच्या बदलाचा विचार करा. स्क्रू हलवण्याआधी तो किती फेरे आत होता तेही लिहून ठेवा, म्हणजे मागे येता येतं.

ग्रिप घासायची वेळ आली तर बारीक कानस आणि पॉलिश पेपर वापरा, आणि थोडंथोडंच काढा. भर घालायची तर लाकडाच्या पुट्टीनं घाला. पण नियम लक्षात ठेवा: एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पुट्टीच्या थरानं ग्रिप रुंद होऊन पिस्तूल तपासणीत अडकू शकतं. मनगट मोकळं राहिलं पाहिजे. तळव्याखालची पट्टी वर वळवून हात आवळून धरायलाही परवानगी नाही.

ट्रिगरचं वजन नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम. बरोबर ५००वर ठेवणारे तपासणीच्या वजनाला कमी पडतात, थोडं वर ठेवावं. नवख्यानं त्याहून हलक्याच्या नादी लागूच नये. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: पहिला टप्पा कुठे संपतो ते बोटाला स्पष्ट कळलं पाहिजे आणि दुसरा टप्पा धक्का न देता सुटला पाहिजे. पिस्तुलाची वजनमर्यादा १५०० ग्रॅम आहे, पण नळीला जादा वजन लावण्याची घाई करू नका. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात आणि त्याआधी तयारीची व सरावाच्या शॉटची १५ मिनिटं. सगळं एका हातानं. खांदा तयार नसेल तर जादा वजन दुखण्यालाच बोलावणं.

पेलेट सपाट तोंडाचे, कारण ते कागदाला स्वच्छ भोक पाडतात. एक बरा डबा घ्या आणि तोच वापरत राहा. शिशाचे असतात, म्हणून सराव संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊ नका. मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आणि सगळ्यांच्या वरचा नियम: पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून वागायचं. तोंड टार्गेटकडे, शॉट मारेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, ठेवताना नळीत सुरक्षेची दोरी. घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करतानाही हेच, आणि पेलेटचा डबा त्या खोलीत नसावा.

ही सगळी खटपट शेवटी मन मोकळं राहावं म्हणून. भीष्मराज बाम सरांनी पोलीस सेवेनंतर नाशिकमध्ये नेमबाजी रुजवली आणि क्रीडा मानसशास्त्रात देशभरातल्या खेळाडूंना उभं केलं. २०१७ला ते गेले, पण मन आणि एकाग्रता हाच खेळाचा गाभा, ही त्यांची शिकवण इथल्या रेंजवर रुजलेली आहे. पिस्तूल हाताला नीट बसलेलं असलं की त्याचा विचार करावा लागत नाही आणि मन श्वासाकडे, नजरेकडे मोकळं राहतं. ते बसलेलं नसलं तर मन सतत त्याच्याशीच झगडत राहतं.

तेव्हा पैशांचा क्रम असा ठेवा: आधी प्रशिक्षण, मग हाताला बसणारी ग्रिप असलेलं साधं, दुरुस्त होणारं पिस्तूल, मग मुदतीतला सिलिंडर आणि पेलेट. वजनं, महागडे ट्रिगर, नक्षीदार ग्रिप यांना निदान पहिलं वर्ष हात लावू नका. पिस्तूल घ्यायला निघालात की मुलाला सोबत न्या, त्याला डोळे मिटून उचलायला सांगा, आणि फ्रंट साइट मधोमध दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.