मोसंबीची नासाडी कशी टाळावी?

मोसंबी हे मराठवाड्याचे महत्त्वाचे फळपीक होय. बाग फळास येईपर्यंत कित्येक वर्षांचे कष्ट व भांडवल खर्ची पडते. परंतु तोडणीनंतर थोडी हेळसांड झाली तरी चांगला माल सडून जातो. गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या तालुक्यात ज्या लहान बागाईतदारास शीतगृह परवडत नाही, त्यालाही हे नुकसान पुष्कळसे टाळता येईल.

सड का लागते?

साठवणीतील मोसंबी प्रामुख्याने हिरव्या व निळ्या बुरशीमुळे सडते. या बुरशीचे बीजाणू हवेत व जुन्या करंड्यांत असतात. मात्र अखंड सालीतून त्यांना सहसा आत शिरता येत नाही. नखाचा ओरखडा, काट्याची टोच, पडताना बसलेला मार किंवा रसशोषक पतंगाने पाडलेले छिद्र हीच त्यांची वाट होय. निळी बुरशी तर लगतच्या निरोगी फळासही ग्रासते. म्हणूनच सड साठवणीत दिसली, तरी तिचा आरंभ बहुधा झाडाखालीच झालेला असतो.

तोडणी

मोसंबी तोडल्यानंतर आंब्यासारखी पिकत नाही. म्हणून पक्व फळेच तोडावीत. दव वाळल्यावर काम सुरू करावे. फळ हिसकून न ओढता कात्रीने देठ सालीलगत कापावा. लांब देठ शेजारच्या फळास टोचतो. फळे झोळीत उतरवावीत. गळालेली व डागाळलेली फळे वेगळी काढावीत, सडकी पुरून टाकावीत. करंड्या धुऊन उन्हात वाळवाव्यात.

शीतकक्ष

निवडलेली फळे ठेवण्यास नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला, विजेविना चालणारा शीतकक्ष उपयुक्त आहे. सावलीत विटांच्या दुहेरी भिंती उभारून मधल्या सुमारे ७.५ सेंटिमीटर पोकळीत वाळू भरतात. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवावी व वर बांबू आणि वाळ्याचे ओले झाकण ठेवावे. पाण्याच्या बाष्पीभवनामुळे कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी राहू शकते. मृग बहाराच्या उन्हाळी फळांस याचा विशेष लाभ होतो. पावसाळी दमट हवेत मात्र गारवा बेताचाच मिळतो. कक्षातील ओलावा बुरशीलाही मानवतो. तेव्हा जखमी फळ आत जाऊ देऊ नये व रोज पाहणी करावी.

ग्रामपंचायतीने असा एक कक्ष शाळेच्या आवारात बांधल्यास शेतकरी व विद्यार्थी दोघांनाही प्रात्यक्षिक पाहता येईल. अधिक मार्गदर्शनासाठी परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहे.