काळ्या रानात डाळिंब येईल काय?

प्रश्न : आमचे बार्शीकडील रान खोल काळे, कसदार आहे. सांगोल्याच्या मुरमाड माळावर डाळिंब एवढे पिकते, तर आमच्याकडे त्याहून अधिक यावयास हवे ना? लागवड करावी काय?
– एक शेतकरी

उत्तर : आपली अपेक्षा स्वाभाविक असली, तरी जमिनीचा कस निराळा आणि झाडाची प्रकृती निराळी. डाळिंबास कोरडी हवा, लख्ख ऊन व पाण्याचा त्वरित निचरा मानवतो. शिवाय बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून, पाने पिवळी पडून गळू लागेपर्यंत झाडास ताण द्यावा लागतो, तेव्हा कोठे पुढे फूल एकदम व भरघोस निघते. काळे रान ओल सोडीत नाही. त्यामुळे ताण बसत नाही, मुळे गुदमरतात आणि मर रोगास वाव मिळतो.

तथापि निराशेचे कारण नाही. आपल्या रकब्यात हलका, उताराचा तुकडा असल्यास तेथे भगवा वाण लावावा. नसल्यास चर काढून, उंच गादीवाफ्यांवर ठिबकच्या आधारे प्रथम थोडीच झाडे लावून पाहावीत. मृग बहारात पावसाळी दमट हवेने तेल्याचा उपद्रव बळावतो, यास्तव आंबे बहार श्रेयस्कर; मात्र त्याची सारी मदार उन्हाळी पाण्यावर असल्याने विहिरीचा अदमास आधी घ्यावा.