वेबसाईटचे काम : एकदा शिकून भागत नाही

आहुपे हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, सह्याद्रीच्या कड्यावरचे गाव. पूर्वी कोकणात जाणारे लोक आहुपे घाटाच्या पायवाटेने मुरबाडकडे उतरत. आता त्या वाटेवर गिर्यारोहक दिसतात. मुक्कामाची, जेवणाची सोय कोठे होईल, हे ते घरून निघण्यापूर्वीच मोबाईलवर पाहतात. म्हणजे कड्यावरच्या गावालाही आता वेबसाईट करून देणारा कारागीर लागतो. आपल्या मुलांसाठी हलाल रोजीची ही चांगली वाट आहे. मात्र येथे शिकणे कधी संपत नाही.

शेजारच्या जुन्नरचे पाहा. तेथील मुसलमान कागदी कारागिरांचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. हातात हुन्नर होता, पण बाजार पुढे गेला होता.

आम्हीही हा धडा पैसे मोजून शिकलो. आमच्या कापड दुकानाची वेबसाईट एका तरुणाने फ्लॅशमध्ये करून दिली होती. साड्या सरकत, अक्षरे नाचत. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा कारभार आटोपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणेच बंद केले. आमच्या पानावर रिकामी चौकट उरली. त्या तरुणाला दुसरे काही येत नव्हते. त्याने हे काम सोडले. चूक आमचीही होती. 'नवीन काय आले?' असे आम्ही त्याला एकदाही विचारले नाही.

त्यानंतर जाणकारांकडून समजून घेतलेल्या गोष्टी बंधूंपुढे ठेवतो.

१) पाया आधी पक्का करा. एचटीएमएल हे कापड, सीएसएस ही त्यावरची रंग-छपाई आणि जावास्क्रिप्टने पानात हालचाल येते. जावास्क्रिप्ट १९९५ ची, सीएसएस १९९६ चे. दोन्ही वाढत गेली, मोडीत निघाली नाहीत. मोझिलाच्या एमडीएनवर हे सारे फुकट शिकता येते.

२) पान आधी मोबाईलवर तपासा. पडद्याच्या मापाप्रमाणे पान आपोआप बसावे, ही रीत इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली. डोंगरात रेंज कमी असते, म्हणून छायाचित्रे हलकी ठेवा.

३) मराठी, उर्दू मजकूर युनिकोडमध्येच टाका. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पानाची मांडणीही उलटवावी लागते. उर्दू शाळेतल्या मुलाला हे पटकन उमगते. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

४) आठवड्यातले दोन तास नव्या शिक्षणासाठी राखा. दर वर्षी आपलेच एखादे जुने काम नव्या रीतीने पुन्हा करून पाहा.

५) क्लासची फी भरण्यापूर्वी तेथील विद्यार्थ्यांनी केलेली पाने स्वतः उघडून पाहा.

बाजारभाव विचारल्याशिवाय आपण माल भरत नाही. मुलाच्या शिक्षणाचा भावही तसाच विचारत राहा. आणि येत्या जुम्म्याच्या आत आपल्या दुकानाची वेबसाईट स्वतःच्या मोबाईलवर एकदा उघडून पाहा. गिऱ्हाईक तेच पाहत आहे.